रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ येतंय? नवा इंटरफेस घ्यायच्या आधी हे बघा

‘काका, रेकॉर्डिंगमध्ये टक् येतंय.’ असा फोन आला की मी एकच उलट प्रश्न विचारतो: फाइलमध्ये येतंय की नुसतं ऐकताना? पलीकडून ‘म्हणजे?’ असं येतं आणि संध्याकाळी तो मुलगा किंवा ती मुलगी लॅपटॉप बगलेत मारून नारायण पेठेतल्या माझ्या खोलीवर हजर. कुणाचे ख्यालाचे टेक, कुणाच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत, कुणाच्या आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट. माल वेगळा, तक्रार तीच. निम्म्या लोकांनी तोवर नवीन इंटरफेसच्या, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीच्या, किमती काढून ठेवलेल्या असतात. त्यांचे पैसे वाचावेत म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं

‘टक्’ हा एक आवाज नाही. कान देऊन ऐकलं तर त्याचे बरेच प्रकार निघतात. आपलं दुखणं कुठलं ते आधी ओळखा.

- जिथे क्लिप कापली किंवा जोडली, नेमकं तिथेच टक्. दर वेळी त्याच जागी.
- दर वेळी वेगळ्याच जागी चटचट. एक्सपोर्ट केलेली फाइल फोनवर वाजवली तर मात्र स्वच्छ.
- दर वेळी त्याच जागी, पण तिथे कट नाही. रेकॉर्ड करतानाच शिरलंय.
- घड्याळासारखं ठरावीक अंतराने, दोन-तीन सेकंदांनी, टक्.
- फक्त जोरकस आघातावर किंवा तार सप्तकात गेल्यावर आवाज फाटतो.
- पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट चालू-बंद झाली की एक ठोका.
- पावसाळ्यात, गाणं चालू नसतानाही, मोहरी तडतडावी तशी तडतड.
- बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये शब्दांच्या मध्ये बारीक चिकट चटके.
- टकटक आहेच, शिवाय गाण्याची पट्टी उतरलीय आणि लय रेंगाळतेय.

एकाच फाइलमध्ये दोन-तीन प्रकार एकत्र नांदू शकतात. म्हणून खालचा क्रम सोडू नका. तो फुकटापासून महागाकडे जातो.

तेच दहा सेकंद तीनदा ऐका

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. आणि ही एकच गोष्ट कुणी करत नाही.

टक् येतंय तिथले दहा सेकंद निवडा, तीनदा वाजवा, घड्याळातली वेळ कागदावर लिहा. तिन्ही वेळा एकाच जागी आलं तर ते फाइलमध्ये किंवा कटमध्ये आहे. जागा बदलत राहिली तर फाइल ठणठणीत आहे, कॉम्प्युटरला ती वेळेवर वाजवता येत नाहीये. हे दोन आजार इतके वेगळे आहेत की एकाचं औषध दुसऱ्याला देऊन काही होत नाही. एक तबला शिकणारा मुलगा चार दिवस एकेक टक् शोधून त्या जागा मिटवत होता. मिटवलेलं टक् पुढच्या खेपेला शेजारी उगवायचं. त्याचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज पाठवतो ते माप, पुढे येईलच) ६४ वर होता, फाइलमध्ये काहीही नव्हतं. मिटवता मिटवता त्याने चांगले बोल मात्र खरवडून टाकले.

याच वेळी हेडफोन बदलून बघा. हेडफोनची पिन हलवली की आवाज येत असेल तर पुढचं काही वाचू नका. केबल बदला.

मग त्या जागी वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावर दिसणारी आवाजाच्या लाटेची रेघ, इतका मोठा करा की रेषेवरचे सुटे ठिपके दिसू लागतील. यातला एकेक ठिपका म्हणजे एक सॅम्पल; ४४,१०० च्या सॅम्पल रेटला एका सेकंदात तितके ठिपके असतात, तेव्हा बराच झूम करावा लागतो. रेघ एकदम कडा तुटल्यासारखी उभी उडी मारत असेल तर तो कट आहे किंवा मधली सॅम्पल गळालीत. मधेच सपाट पट्टा असेल तर तेवढा वेळ रेकॉर्डिंग थांबलं होतं. लाटांचे शेंडे विळीने कापल्यासारखे सपाट असतील तर आवाज फाटलाय. आणि मूळ लाटेवर बारीक केसाळ गुंता दिसला तर तो बहुधा बाहेरून आलेला विजेचा किंवा तोंडाचा आवाज. हे चार चेहरे एकदा ओळखीचे झाले की निम्मं निदान डोळ्यांनीच होतं.

कटवरचं टक्

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त भरणा याचाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कारण सोपं आहे. स्पीकरचा पडदा लाटेबरोबर पुढे-मागे हलतो. तुम्ही लाट वर असताना कापली आणि पुढची क्लिप लाट खाली असताना सुरू झाली, तर पडद्याला एका क्षणात वरून खाली उडी मारावी लागते. ती उडी म्हणजेच टक्. म्हणून कट शक्यतो लाट मधली शून्याची रेघ ओलांडते तिथे घ्यायचा. ऑडॅसिटीत निवड करून झेड दाबलं की निवडीच्या दोन्ही कडा जवळच्या शून्यावर सरकतात. इतर सॉफ्टवेअरमध्येही ही सोय वेगवेगळ्या नावांनी असते.

पण शून्यावर कापलं म्हणजे सुटलो असं नाही. स्टिरिओत डावी आणि उजवी लाट एकाच क्षणी शून्यावर येतेच असं नाही, एका बाजूचं साधलं की दुसरीकडचं हुकतं. आणि दोन्हीकडे शून्य साधलं तरी एक लाट चढती आणि दुसरी उतरती असेल तर सांध्यावर टोक राहतं. म्हणून खरा इलाज फेडचा. प्रत्येक कटला छोटा फेड, म्हणजे कडेशी आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं, आणि दोन क्लिप भिडत असतील तिथे क्रॉसफेड, म्हणजे एक उतरताना दुसरी चढवणं. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपच्या कडांना आपोआप छोटा फेड लागतो. कुणीतरी ‘साफसफाई’ म्हणून ती सेटिंग बंद केलेली असते आणि मग माझा फोन वाजतो.

फेड किती लांब? इथे लोक ‘पाच मिलिसेकंद’ असं एकच उत्तर पाठ करतात. ते वाद्यावर ठरतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे त्याची एक लाट सात मिलिसेकंदांहून थोडी लांब. तिथे एक मिलिसेकंदाचा फेड लावला तर टक् मऊ होऊन ‘ठप्’ होतं, जात नाही. त्याच पट्टीतला तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, तिथे एकेक लाट चौदा मिलिसेकंदांची. सूर जितका खालचा तितका फेड लांब, हे धरून चाला. गाण्याला मी दहा-पंधरापासून सुरुवात करतो.

तबल्याचं याच्या उलट. तिथे फेड लांबला की आघाताची धारच बोथट होते. कट बोलाच्या किंचित आधी घ्या, फेड-इन एक-दोन मिलिसेकंद. ‘ना’च्या चाटेवरचा पहिला कडक क्षण फेडमध्ये सापडला तर तबला उशी पांघरून वाजवल्यासारखा होतो. डग्ग्याची घुमक मात्र मागे शिल्लक असते, तिला मधेच छाटू नका. मागची क्लिप थोडी लांब राहू द्या आणि नव्या बोलाच्या खाली ती विरू द्या.

गळ्याला कट कुठे घ्यायचा हा तंत्रापेक्षा गाण्याच्या समजेचा प्रश्न आहे. आकार चालू असताना, मींड चालू असताना कापू नका. कितीही गुळगुळीत क्रॉसफेड केला तरी कानाला सांधा कळतो, कारण दोन टेकमधला स्वरलगाव कधीच तंतोतंत एक नसतो. ‘क’, ‘त’, ‘प’ अशा व्यंजनाच्या आधी क्षणभर आवाज बंद असतो. कटला तीच जागा सोन्याची. दुसरी जागा श्वासाची. पण म्हणून श्वास उडवू नका. श्वास काढून टाकलेलं गाणं ऐकताना आपल्यालाच धाप लागते.

आता तानपुरा. हा कधी थांबतच नाही, म्हणून त्यात लपायला जागा नाही. सर्वांत जास्त हात मला तानपुऱ्याच्या सांध्यांनी दाखवले आहेत. पंचम, जोडाच्या दोन तारा, खर्ज असं आवर्तन चालू असतं. तुम्ही जोडावर कापून पंचमावर जोडलंत तर टक् नसलं तरी पाऊल चुकल्यासारखं वाटतं. म्हणून आधी आवर्तन मोजा, कापायचं त्याच तारेवर, जोडायचंही त्याच तारेवर, आणि क्रॉसफेड अर्ध्या ते एका सेकंदाचा घ्या. क्रॉसफेडचा आकारही बघा. वेगवेगळ्या क्षणी वाजलेल्या दोन आवाजांना सरळ रेषेचा क्रॉसफेड दिला तर मधे आवाज सुमारे तीन डेसिबलने खचतो. तिथे फुगीर, म्हणजे ‘इक्वल पॉवर’चा आकार लावा. उलट, एकाच रेकॉर्डिंगच्या जुळत्या लाटा एकमेकींवर येत असतील तर फुगीर आकाराने मधे तेवढाच फुगवटा येतो, तिथे सरळ रेघच बरी.

फेड नीट असूनही प्रत्येक कटवर बारीक टक् येत असेल तर वेव्हफॉर्मची शांत जागा बघा. ती मधल्या रेघेवर न बसता किंचित वर किंवा खाली बसलेली दिसली तर त्याला डीसी ऑफसेट म्हणतात. अशा फाइलमध्ये शांतताही शून्यावर नसते, त्यामुळे कट घेतला की उडी आलीच. ऑडॅसिटीच्या नॉर्मलाइझमध्ये हा ऑफसेट काढायचा पर्याय आहे. कापाकापी सुरू करायच्या आधी तो वापरा, नंतर नाही.

बफर आणि सॅम्पल रेट

जागा बदलणारं टक् असेल तर इथे या. अजूनही खर्च शून्य.

कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने नाही, बादल्या भरून पाठवतो. बफर म्हणजे त्या बादलीचं माप. ४८,००० च्या रेटला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ. तेवढ्यात प्रोसेसरने सगळे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) उरकून पुढची बादली भरली नाही तर मधे खंड पडतो, आणि तो खंड तुम्हाला ‘चट्’ असा ऐकू येतो. बफर १,०२४ केला तर एकवीस मिलिसेकंद मिळतात, प्रोसेसर निवांत होतो.

मग कायम १,०२४ वरच का नको? रेकॉर्ड करताना गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो म्हणून. ५१२ ला एका बाजूचा उशीर साधारण साडेदहा मिलिसेकंद होतो, आणि येण्या-जाण्याचा मिळून दुपटीहून जास्त. नुसते साडेदहा मिलिसेकंद म्हणजे सुमारे बारा फुटांवरून आवाज येण्यासारखं. द्रुत लयीत तबलजी लगेच कुरकुरतो, आणि त्याचं बरोबर असतं. माझा रिवाज असा: रेकॉर्ड करताना १२८ किंवा २५६ आणि प्लगइन जवळजवळ सगळे बंद, एडिट आणि मिक्सला १,०२४. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर रेकॉर्डिंगलाही बफर मोठा ठेवता येतो, कारण तेव्हा गायकाला कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट स्वतःचा आवाज मिळतो.

विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (कॉम्प्युटर आणि इंटरफेस यांना जोडणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) टाकलाय ना तेही बघा. तो न टाकता विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर काम चालू असतं आणि दोष बिचाऱ्या यंत्राला. मॅकवर ही भानगड बरीच कमी.

सॅम्पल रेट मात्र सगळीकडे एकच हवा: प्रोजेक्ट, इंटरफेस, ऑपरेटिंग सिस्टिम. व्हिडिओवाले ४८,००० वर काम करतात, गाण्याच्या फाइल बहुधा ४४,१०० च्या. ४८,००० ची फाइल न बदलता ४४,१०० समजून वाजवली तर ती आठ टक्क्यांनी हळू होते आणि पेटीवरच्या लागोपाठच्या पट्ट्यांच्या (काळ्या-पांढऱ्या धरून) हिशेबात जवळजवळ दीड पट्टी खाली येते. एका गायिकेने काळी पाचमध्ये गायलेली बंदिश माझ्याकडे आली ती काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधल्या कुठल्यातरी फटीत. पेटीवर ती पट्टीच नाही! तिला वाटलं त्या दिवशी आपला गळा बसला होता. गळा उत्तम होता, प्रोजेक्टची सेटिंग बसली होती.

लॅपटॉपची झाडलोट

बफर वाढवूनही चटचट राहिली तर लॅपटॉपमध्ये दुसरंच कुणीतरी मधे मधे येतंय. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा. बंद करताच चटचट थांबली तर वायफायचा ड्रायव्हर अपडेट करा किंवा रेकॉर्डिंगपुरतं ते बंद ठेवायची सवय लावा. पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, म्हणजे प्रोसेसर वीज वाचवायला अधूनमधून डुलकी काढणार नाही. यूएसबीची ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ नावाची सेटिंग बंद करा. गूगल ड्राइव्हसारख्या अॅपची फाइल वर चढवण्याची लगबग रेकॉर्डिंगच्या वेळी थांबवा. विंडोजसाठी लेटन्सीमॉन नावाचं एक फुकट साधन आहे. ते दहा मिनिटं चालू ठेवलं की कुठला ड्रायव्हर अडवतोय त्याचं नावच सांगतं.

डिस्क हाही एक संशयित. २४ बिट, ४८,००० चा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीहून थोडा जास्त भरतो. एका ट्रॅकला पेनड्राइव्हही पुरतो. पण आठ माइक एकाच वेळी जुन्या पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करायला गेलात तर तो मधेच धाप टाकतो आणि फाइलमध्ये सपाट पट्टे उमटतात. आतल्या एसएसडीवर रेकॉर्ड करा, झालं की बाहेरच्या डिस्कवर प्रत काढा.

गेन, केबल, माइक

फाटलेल्या आवाजाचं कारण बहुतेक वेळा हौस असतं. वेव्हफॉर्म भरगच्च दिसावा म्हणून गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, चढवलेला असतो. २४ बिटमध्ये त्याची काही गरज नाही. मीटरवर शून्य म्हणजे आवाज फाटायची सीमा धरून सरासरी पातळी उणे अठरा डेसिबलच्या आसपास आणि शेंडे उणे दहा ते सहापर्यंत, एवढं पुरे. तबला, ढोलकी यांचा आघात इतका झटपट असतो की डोळ्याला मीटर शांत दिसतं आणि आवाज फाटून गेलेला असतो. वादकाला ‘जरा वाजवा’ म्हटलं की तो हातचं राखून वाजवतो. मी मुद्दाम शेवटची तिहाई वाजवायला सांगतो आणि त्यावर गेन लावतो.

केबल बदलून बघायला पन्नास-शंभर रुपयांपासून काहीशेपर्यंत खर्च येईल. यूएसबी हब काढून इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चांगल्या केबल मिळतात आणि वाईटही, दिसायला दोन्ही सारख्याच. मी एकदा एका दुकानातून सहा माइक केबल स्वस्तात आणल्या, त्यातल्या चारांत पिनांचे सांधे सुटे निघाले. तेव्हापासून दुकानातच केबल टोकाशी वाकवून बघतो. दुकानदाराला आवडत नाही, पण बोलत नाही.

पावसाळ्यातली तडतड हा खास आपला पाहुणा. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेतली ओल कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर, म्हणजे आतल्या आवाज पकडणाऱ्या भागावर, बसते आणि तिथला अतिशय बारीक विद्युतभार पाझरायला लागतो. कोरड्या जागी ठेवल्यावर तडतड बंद झाली तर निदान पक्कं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, माइक रात्रभर त्यात राहू द्या. हेअर ड्रायर फिरवू नका, उन्हातही ठेवू नका. कॅप्सूलचा पडदा इतका पातळ असतो की त्या उष्णतेनेच खराब व्हायचा.

तोंडाच्या चिकट चटक्यांना यंत्र काहीच करू शकत नाही. घोटघोट पाणी पाजा, रेकॉर्डिंगच्या आधी चहा नको. हिरव्या सफरचंदाची फोड खाल्ली की तोंडातली लाळ पातळ होते, हा आवाजवाल्यांचा जुना तोडगा आहे आणि चालतो.

भिंतीतली वीज

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर तेच रेकॉर्ड करा. आवाज गेला तर तो वीजवाहिनीतून येतोय. सतत घुमणारी ‘हूं’ ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींतली असते, तिचा टक्शी संबंध नाही. टक् येतं ते रेग्युलेटर, ट्यूबलाइटचा चोक, फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना. फ्रिज तासभर बंद ठेवा (नंतर सुरू करायला विसरू नका, एकदा माझं आम्रखंड गेलंय). इंटरफेस, लॅपटॉप, स्पीकर सगळं एकाच बोर्डवरून घ्या, म्हणजे अर्थच्या दोन वेगळ्या वाटा तयार होत नाहीत.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, हे मी स्वतः अनेकदा पाहिलंय. आवाज जावा म्हणून प्लगची अर्थची पिन मोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. माइकला ओठ लागल्यावर मुंग्या येत असतील, लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवताना झिणझिण्या येत असतील, तर तिथेच थांबा. सगळं बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. गायक उघड्या पायाने फरशीवर उभा आणि हातात धातूचा माइक असतो. २३० व्होल्टशी प्रयोग नकोत.

शेजारच्या ढोल-ताशाच्या सरावाचं मात्र काही करता येत नाही. गणपतीच्या आधीचे दोन महिने मी दुपारी एक ते चार रेकॉर्ड करतो. पुण्याची ती वेळ जग हसण्यावारी नेतं, पण माइकला विचारा.

घड्याळासारखं टक्

दोन डिजिटल यंत्रं ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल केबलने जोडलेली असतील तरच हा भाग वाचा. प्रत्येक यंत्राच्या आत स्वतःचं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत फक्त दहाचा फरक असला तरी ४८,००० च्या रेटला साधारण दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल घसरतं आणि टक् येतं. उपाय: एकाला मालक करा, दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये घड्याळ ‘एक्स्टर्नल’ ठेवा. दोघंही ‘इंटर्नल’वर असतील तर भांडण कायमचं.

याच कारणाने दोन सुट्या रेकॉर्डरवर घेतलेली तासाभराची मैफल शेवटी जुळत नाही. दहा लाखांत वीसचा फरक तासाला ७२ मिलिसेकंदांवर जातो. समेवर तो स्पष्ट कळतो.

शिरलेलं टक् काढायचं कसं

आधी मूळ फाइलची प्रत. मग बोला.

दहा-वीस टक् असतील तर हातानेच काढा. ऑडॅसिटीत ‘रिपेअर’ आहे, ते एका वेळी जास्तीत जास्त १२८ सॅम्पलवर चालतं आणि आजूबाजूच्या लाटेवरून मधला तुकडा बांधून देतं. प्रो टूल्समध्ये पेन्सिलने रेघ पुन्हा काढता येते. शेकड्यांनी असतील तर डी-क्लिक प्लगइन लावा, पण अगदी हलक्या हाताने. त्या बिचाऱ्याला टक् आणि तबल्याची चाट यांतला फरक कळत नाही. सतारीच्या मिजराबीचा ठोका, संतुराच्या कलमाचा स्पर्श तो दोष समजून खाऊन टाकतो. ‘फक्त काढलेलं ऐकवा’ असा पर्याय असतो, तो लावा. त्यात टकटकीबरोबर ठेका ऐकू आला तर प्रमाण जास्त झालंय.

मोठा खंड असेल, वीस-तीस मिलिसेकंदांच्या वर, तर रिपेअर कामाचं नाही. ठेक्यात असेल तर दुसऱ्या आवर्तनातली तीच मात्रा आणून बसवा. लावलेल्या लांब सुरात असेल तर गायकाला पुन्हा बोलवा. त्याला वाईट वाटेल, पण दोन तास एका सुराला ठिगळ लावून तुम्हालाही शेवटी तेच वाटणार.

इथे हात मागे घ्या

वेगळी केबल, वेगळा माइक, वेगळा लॅपटॉप, सगळं बदलूनही एकाच इंटरफेसवर खरखर येत असेल तर तो आत बिघडलाय. वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका. वॉरंटी संपलेली असेल तरी डाग द्यायचा सराव नसेल तर दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

‘टक्’ स्पीकरमधून न येता डिस्कच्या डबीतूनच येत असेल तर ती डिस्क जायच्या वाटेवर आहे. लगेच काढा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका, कुठलंही ‘रिपेअर’ चालवू नका. प्रत नसेल तर डेटा रिकव्हरीवाला गाठा. प्रत्येक जादा फेरीत थोडं अजून जातं.

आणि एकमेव प्रत असलेली जुनी कॅसेट किंवा स्पूल. घरच्या डेकमध्ये घालून ‘एकदा बघू’ म्हणू नका. टेपवर बुरशी असेल, ती चिकटत असेल, कुंई कुंई आवाज करत असेल, तर ती वाजवण्यातच तिचा जीव जाऊ शकतो. असं काम रोज करणाऱ्याकडे द्या.

त्याच्याकडे किंवा माझ्यासारख्याकडे जाताना मूळ २४ बिट वेव्ह फाइल न्या, कुठलाही प्लगइन न लावलेली, आणि टक् कुठे कुठे आहे त्या वेळा लिहिलेला कागद. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेली फाइल आणू नका. ती दाबून इतकी लहान झालेली असते की टक् गेलेलं असतं आणि गाणंही. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.